भाड्याने, चार दिवस

वहीत अजून लिहिलेलं आहे:
फळ्या बारा. काथ्याचा दोर, दोन वेटोळी.
बैलगाडीचं चाक एक, तुटकं.
काळं कापड चाळीस मीटर.
बाकी सतराशे.
पिक्चरवाले फोन उचलत नाहीत.

खानापुरात, मलप्रभेच्या अलीकडे,
कौलांचा एक बंद कारखाना आहे.
त्याच्या भट्टीत आम्ही चारशे वर्षांपूर्वीचं गोवं उभं केलं.
कौलं वाळवायची खोली म्हणजे तळघर.
दिवट्यांना रॉकेल मिळेना, डिझेल घातलं;
धुरानं सगळ्यांचे डोळे लाल झाले,
डायरेक्टर म्हणाला, असंच ठेवा.

पाद्री केला इंत्रूला, बेकरीवाल्याला. उंची बघून.
झगा माझ्याच कापडाचा,
जे एरवी लग्नात आचाऱ्यांची चूल झाकतं.
बांधलं लुमाण्णाला. हमाल. दिवसाला तीनशे आणि जेवण.
चाकावर दोर आवळताना
इंत्रू ओठ न हलवता विचारायचा,
'लागालंय काय गा?'
आणि लुमाण्णा, डोळे पांढरे करून,
'डावा हात सैल सोड. उद्या गुळाची गाडी हाय.'

रक्त म्हणजे काकवी आणि कुंकू.
तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या
आणि लुमाण्णा पहिल्यांदा खरा ओरडला:
'यव्वा!'
त्याची आई बैलहोंगलची.
ते चालेना. पुसून तिथं 'आई गं' बसवलं,
कुणा दुसऱ्याच्या गळ्याचं.

हाड मोडायला उसाचं कांडं पुरलं.
आसुडाचा आवाज मात्र जमेना.
पट्टा झाला, ओली गोणी झाली,
शेवटी पहाटे चारला चहाच्या आशेनं बेकरीत गेलो.
इंत्रू मैद्याचा गोळा फळीवर आपटत होता.
रेकॉर्डिंगवाला दारातच थांबला,
बोट ओठावर.

पिक्चर लागला मंगल कार्यालयात.
पडदा माझा, मधे शिवण,
ती नेमकी पाद्र्याच्या तोंडावरून जायची.
पहिल्या फटक्याला शिट्ट्या.
पाचव्याला कुणी शेंगासुद्धा फोडेना.
मग कुणीतरी मागं वळून बघितलं.
मग बऱ्याच जणांनी.
इंत्रू शेवटच्या रांगेत होता, पोरीला मांडीवर घेऊन,
तिच्या कानांवर दोन्ही हात ठेवून.

खोटं नव्हतं ते.
आमच्याकडं सांगतात, देव घोंगड्यात गुंडाळून
रात्री चोर्ल्याच्या वाटेनं वर आणला,
पोरांच्या तोंडात गुळाचा खडा कोंबून.
घोंगड्याचा तुकडा अजून देव्हाऱ्यात आहे.
इंत्रूच्या घरातही ही रात्र सांगतात.
वाट हीच, गूळही बहुतेक हाच.
बाप्तिस्मा होऊन दोन पिढ्या झाल्या होत्या,
पण त्यांच्यातल्या एका बाईनं
तुळशीला पाणी घातलेलं कुणी बघितलं होतं म्हणे.
हा सीन पिक्चरमध्ये नव्हता.
विचारलं असतं तर डायरेक्टर म्हणाला असता, बजेट नाही.
मी विचारलं नाही.

दुसऱ्या रात्री बेकरीच्या पत्र्यावर धोंडा पडला.
एकच. पोरं असतील, म्हणाले सगळे.
मी काहीच म्हणालो नाही,
हेही लिहून ठेवतो, बाकीच्या खाली.

पत्रा लुमाण्णानं बदलला.
वर चढला तेव्हा मनगटावरचे वळ
अजून निळे होते. म्हणजे सैल सोडला नव्हता दोर.
खाली शिडी धरून इंत्रू.
खिळे माझ्याकडचे.
पैसे घेतले नाहीत असं लिहिणार होतो.
घेतले.

फळ्या परत लग्नाच्या स्टेजला लागल्या.
चाक दुकानाबाहेर पडून आहे, त्यावर कोंबडी बसते.
पहाटे तो आवाज गल्लीत येतो,
मी कूस बदलतो आणि नकळत मोजत राहतो,
अडतीस, एकोणचाळीस,
मग भट्टीचं दार,
मग वास.